वजीफा, पेन्शन, निवृत्तिवेतन : परभणी जिल्ह्यातील शासकीय सेवकांच्या उत्तरवयाच्या तरतुदीचा शब्देतिहास

सरकारी चाकरी संपल्यानंतर चाकराच्या उदरनिर्वाहाची व्यवस्था कोणी करावयाची, हा प्रश्न प्रत्येक राज्ययंत्रणेपुढे उभा राहतो. यंत्रणा त्याचे उत्तर नियमांतून देते. त्या नियमांना ती जी नावे देते, त्यांतून या देण्याकडे ती कोणत्या दृष्टीने पाहते हे कळते. म्हणून निवृत्तीच्या तरतुदीचा इतिहास लिहिताना रकमांइतकेच शब्दांकडेही लक्ष द्यावे लागते.

परभणी जिल्हा अशा अभ्यासास विशेष अनुकूल आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यानंतर तो भारतीय संघातील हैदराबाद राज्यात राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. येणेप्रमाणे बारा वर्षांच्या आत एकाच कचेरीत, एकाच मेजावर बसणाऱ्या कारकुनाची राज्यव्यवस्था तीनदा बदलली. त्याबरोबर कारभाराची भाषा, नाणे आणि कालगणना हीदेखील बदलली. (आजचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ पर्यंत परभणीचाच भाग होता. पुढील विवेचनातील जुना जिल्हा त्यासह समजावा.)

या प्रदेशात उत्तरवयाच्या तरतुदीच्या तीन कल्पना क्रमाने आल्या : देणगी, वेतन आणि अंशदान. नवी कल्पना आली म्हणजे जुनी नाहीशी झाली, असे मात्र घडले नाही. जुनी कल्पना नव्या शब्दाखाली टिकून राहिली. सेवकाचे प्रत्यक्ष रक्षण शब्दाच्या भारदस्तपणाने फारसे केले नाही. त्याच्या सेवेच्या नोंदी एका राजवटीतून दुसरीत अखंड पोचल्या की नाही, यावर ते अवलंबून राहिले. या दोन विधानांची छाननी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. वतन आणि अतियात

पगारी नोकरशाही येण्यापूर्वी गावच्या व परगण्याच्या कारभाऱ्यास निवृत्ती ही अवस्थाच ठाऊक नव्हती. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी हे वतनदार होते. वतन वंशपरंपरेने चाले. बाप थकला की मुलगा काम पाही, आणि इनाम जमीन, हक्क व मानपान घरातच राहत. वारसा हीच तेथे म्हातारपणाची तरतूद होती. बारा बलुतेदारांचीही स्थिती तत्त्वतः याहून निराळी नव्हती. गावाने द्यावयाचे धान्य माणसाच्या वयाला बांधलेले नसून घराण्याच्या कामाला बांधलेले असे.

वतनाच्या बाहेर ज्यांची सोय लावावयाची, त्यांच्यासाठी राज्यकर्त्याची देणगी होती. हैदराबादच्या दप्तरात अशा देणग्यांना मिळून ‘अतियात’ म्हणत. हा अरबी शब्द अनेकवचनी असून त्याचा अर्थ ‘दिलेल्या वस्तू’ असाच आहे. जहागिरी, इनामे, मनसब, तसेच ‘यौमिया’ म्हणजे रोजच्या हिशेबाने बांधून दिलेली रोख रक्कम हे सारे अतियातीत मोडे. शेजारच्या मराठी राज्यातही ‘वर्षासन’ हा वार्षिक नेमणुकीचा शब्द रूढ होता. लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलांच्या पालनपोषणासाठी नेमून दिलेल्या तरतुदीस ‘बालपरवेशी’ म्हणत. बालपरवेशीत आजच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे बीज दिसते. तथापि एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. बालपरवेशी धन्याच्या कृपेने मिळे, आणि कृपेचा दावा लावता येत नाही.

या व्यवस्थेचा कायदेशीर शेवट हैदराबादचे विलीनीकरण झाल्यावर झाला. जहागिरी १३५८ फसलीच्या विनियमाने १९४९ साली नष्ट झाल्या. उरलेल्या दाव्यांच्या चौकशीसाठी १९५२ चा अतियात चौकशी कायदा झाला आणि इनामे व रोख देणग्या यांच्या निर्मूलनाचा कायदा १९५४ चा आहे. महाराष्ट्रात महसुली पाटलांचे वंशपरंपरागत पद १९६२ च्या कायद्याने रद्द झाले. ‘मुंतखब’ हा इनामाच्या निर्णयपत्राचा शब्द मात्र मराठवाड्यातील जमिनीच्या दाव्यांत आजही ऐकू येतो.

२. वजीफा हुस्ने-खिदमत

पहिल्या सालारजंगाने १८५३ ते १८८३ या काळात दिवाणगिरी केली. १८६५ च्या सुमारास त्याने जिलाबंदी अमलात आणली, तेव्हा महसूल मक्त्याने घेणाऱ्यांच्या जागी पगारी अधिकारी आले. जिल्ह्याच्या मुख्यास ‘अव्वल तालुकदार’ म्हणत. आजचा जिल्हाधिकारी तो हाच. पगारी अधिकाऱ्याची खुर्ची मुलाकडे जात नाही. त्यामुळे वतनाने आपोआप सोडविलेला प्रश्न आता सरकारला स्वतंत्रपणे सोडवावा लागला. निवृत्तीची तरतूद ही पगारी नोकरीची अपरिहार्य जोडीदारीण आहे, हे येथे स्पष्ट दिसते.

या तरतुदीस हैदराबादच्या उर्दू कारभारात ‘वजीफा-ए-हुस्न-ए-खिदमत’ असे नाव होते. ‘वजीफा’ म्हणजे नेमून दिलेला निर्वाह. हाच शब्द विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीस आणि धार्मिक पुरुषाच्या नेमणुकीसही लावीत. ‘हुस्ने-खिदमत’ म्हणजे चांगली सेवा. म्हणजेच हा निर्वाह सेवेच्या चांगुलपणाबद्दल होता. तो मिळविणारा तो ‘वजीफायाब’. निवृत्त होणे या क्रियेस ‘सबुकदोश होणे’ म्हणत. त्याचा अक्षरशः अर्थ खांदे हलके होणे. मराठी ‘निवृत्ती’ हा शब्द प्रवृत्ती-निवृत्तीच्या तात्त्विक जोडीतून आला असून त्यात संसारातून मागे फिरण्याचा भाव आहे. उर्दू शब्दात केवळ भार उतरल्याची भावना आहे. एकाच घटनेकडे दोन भाषा किती वेगळ्या बाजूंनी पाहतात, याचे हे बोलके उदाहरण होय.

वजीफ्याची रचना ब्रिटिश हिंदुस्थानातील नागरी सेवा नियमांच्या धर्तीची होती. ब्रिटिश नियमांतही पुढील सद्वर्तन ही निवृत्तिवेतनाची गर्भित अट मानलेली असे. ती अट महाराष्ट्राच्या विद्यमान निवृत्तिवेतन नियमांतही आहे. ‘हुस्ने-खिदमत’ हे शब्द गेले, पण त्यांमागील अपेक्षा राहिली.

ब्रिटिश मुलखातील मराठीत याच सुमारास ‘पेन्शन’ हा शब्द रुळत होता. त्याचा आरंभीचा ठळक अर्थ राजकीय आहे. १८१८ साली दुसऱ्या बाजीरावास बिठूर येथे दरसाल आठ लक्ष रुपयांचे पेन्शन बांधून देण्यात आले. १८५१ साली त्याच्या मृत्यूनंतर ते दत्तक पुत्र नानासाहेबांस नाकारले गेले. पेन्शन म्हणजे देणाऱ्याच्या मर्जीवरची रक्कम, हा धडा या घटनेने महाराष्ट्रास फार ठळकपणे दिला. १८७१ च्या पेन्शन कायद्याने पेन्शनीवर जप्तीची बंदी घातली, हे खरे. पण त्याच कायद्याने अशा देण्यांबाबत दिवाणी न्यायालयात दाद मागण्याच्या वाटेवरही निर्बंध घातले. देणे सुरक्षित करण्यात आले, मागणे मात्र हक्काचे झाले नाही.

३. हाली आणि कलदार, फसली आणि इसवी

१९४८ नंतरचा संक्रमणकाळ परभणीच्या सेवकास कसा गेला असेल, हे समजण्यासाठी त्याच्या सेवापुस्तकातील तीन रकाने पाहिले तरी पुरे : जन्मतारीख, पगार आणि शेरे.

संस्थानी सरकारचे वर्ष फसली होते. ते आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून सुरू होई. १३३० फसलीचा आरंभ ऑक्टोबर १९२० मध्ये झाला व शेवट ऑक्टोबर १९२१ मध्ये. आजूर १३३० मध्ये जन्मलेल्याचे इसवी वर्ष १९२०, आणि मेहेर १३३० मध्ये जन्मलेल्याचे १९२१. फसली सालात सरसकट ५९० मिळविले तर दुसऱ्याचे वय एक वर्षाने वाढते, आणि सरसकट ५९१ मिळविले तर पहिल्याचे घटते. जन्मतारखेच्या जागी नुसते साल लिहिलेले असले, तर हा संशय कायमचा राहतो. ज्या नोकरीत निवृत्ती जन्मतारखेवर ठरते, तेथे बेरजेतील एका आकड्याची किंमत एक वर्षाचा पूर्ण पगार इतकी होते.

दुसरा रकाना पगाराचा. संस्थानचे नाणे ‘हाली सिक्का’, तर ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया ‘कलदार’. शंभर कलदारांस एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, म्हणजे सहास सात, हा दर होता. त्यामुळे सत्तर रुपये हालीचा वजीफा नव्या नाण्यात साठ रुपये होतो. मूल्य तेच, पण आकडा खाली येतो. वृद्धाच्या दृष्टीने आकडा खाली येणे म्हणजे उत्पन्न घटणे. किंमत समान असल्याचे त्यास पटविणे हे तिजोरीच्या कारकुनाचे काम होते, आणि ते सोपे असणे शक्य नव्हते.

तिसरा रकाना शेऱ्यांचा. १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू ही संस्थानची राजभाषा झाली होती. म्हणून १९४८ पूर्वी लागलेल्या सेवकाच्या नेमणुका, बढत्या, रजा व बदल्या उर्दू लिपीत, पुष्कळदा घाईच्या शिकस्ता वळणात नोंदलेल्या होत्या. १९५६ नंतर त्याच पुस्तकाची छाननी इंग्रजी व मराठी जाणणाऱ्या यंत्रणेकडे आली. रजेचा एक शेरा न लागला, तर तेवढा काळ सेवेतील खंड ठरण्याची भीती. वाचता येणे हा येथे विद्वत्तेचा विषय राहिला नव्हता, तो पोटाचा विषय झाला होता.

कायद्याने या संक्रमणात एक महत्त्वाचा आधार दिला. राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ च्या कलम ११५ मध्ये अशी तरतूद आहे की, नव्या राज्याकडे वाटून दिलेल्या सेवकाच्या सेवाशर्ती केंद्र शासनाच्या पूर्वमान्यतेवाचून त्याच्या अहिताच्या दिशेने बदलता येणार नाहीत. वजीफायाबाचा पेन्शनर झाला तो या कलमाच्या छायेत. मात्र कलमाने हक्क दिला तरी तो सिद्ध करण्याचे साधन तेच जुने पुस्तक होते. मराठवाड्यातील कार्यालयांतून वडीलधारी माणसे नव्या सेवकांस पहिला उपदेश ‘सेवापुस्तकाची नक्कल जवळ ठेव’ असा करीत आली आहेत. त्या उपदेशाला या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर विशेष अर्थ आहे.

४. ‘वेतन’ या शब्दाची प्रतिज्ञा

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्येच भाषा संचालनालय स्थापन झाले आणि राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. शासनव्यवहारासाठी मराठी परिभाषा घडविण्याच्या या उद्योगात ‘पेन्शन’ यास ‘निवृत्तिवेतन’ हा प्रतिशब्द स्थिर झाला. शिवकालीन राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा जो प्रयत्न झाला, त्याच परंपरेतील हा प्रयत्न होय. परंतु येथे केवळ शब्द बदलला नाही, अर्थाचे केंद्रही सरकले. वजीफा म्हणजे नेमणूक, इंग्रजी शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थ तोलून दिलेली रक्कम, आणि वेतन म्हणजे कामाचा मोबदला. निवृत्तिवेतन म्हणताच ती रक्कम पूर्वी केलेल्या कामाचे विलंबाने दिलेले वेतन ठरते. परिभाषाकारांच्या मनात हे होते की नाही, हा प्रश्न अलाहिदा. शब्दाने ती प्रतिज्ञा केली, एवढे खरे.

न्यायालये त्याच निष्कर्षास पुढे पोचली. देवकीनंदन प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या १९७१ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन हे सरकारच्या मर्जीवरील बक्षीस नसून हक्क असल्याचे सांगितले. १७ डिसेंबर १९८२ रोजीच्या डी. एस. नकारा प्रकरणातील निर्णयाने हा सिद्धांत अधिक विस्ताराने मांडला, आणि निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांमध्ये केलेला भेद अमान्य केला. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड त्या घटनापीठावर होते. सतरा डिसेंबर हा दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो, तो यामुळेच.

त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९८२ पासून, महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम अमलात आले. दहा वर्षांची अर्हताकारी सेवा ही किमान अट आणि तेहतीस वर्षांच्या सेवेस अखेरच्या दहा महिन्यांच्या सरासरी वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन, हा त्यांचा मूळ सांगाडा. १९८४ च्या नियमांनी निवृत्तिवेतनाच्या काही भागाचे ‘अंशराशीकरण’ करण्याची सोय दिली, म्हणजे दरमहाच्या रकमेचा अंश सोडून त्याबद्दल एकरकमी पैसे घेणे. सेवकांनी हा जड शब्द कधीच आपलासा केला नाही. ते ‘पेन्शन विकणे’ म्हणतात, तसेच शिल्लक रजेच्या रोखीकरणास ‘रजा विकणे’ म्हणतात. लोकांचा शब्द येथे अधिक नेमका आहे. विकली जाते ती आपल्या मालकीची वस्तू, म्हणजे पेन्शन ही आपली मालमत्ता आहे ही जाणीव त्या बोलीत आपोआप आली आहे.

याउलट ‘ग्रॅच्युइटी’चा प्रतिशब्द पाहावा. मूळ इंग्रजी शब्दात कृपेची छटा आहे. ‘उपदान’ या पर्यायातही ‘दान’ आहेच. निवृत्तीच्या दिवशी सेवकाच्या हाती पडणाऱ्या कागदांत म्हणूनच वेतन आणि दान हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी नांदतात. अतियातीची स्मृती परिभाषेतून पुरती पुसलेली नाही.

कार्यपद्धतीतही जुन्या-नव्याचे असेच मिश्रण आहे. परभणीच्या सेवकाचे निवृत्तिवेतन प्रकरण कार्यालयाने निवृत्तीच्या दोन वर्षे आधी हाती घ्यावयाचे असते. वेतननिश्चितीची पडताळणी होऊन ते नागपूर येथील महालेखापालांच्या कार्यालयाकडे जाते, कारण विदर्भ व मराठवाडा यांचा लेखा त्या कार्यालयाच्या अधिकारक्षेत्रात आहे. मंजुरीनंतर प्रदान जिल्हा कोषागारातून होते. ‘कोषागार’, ‘महालेखापाल’, ‘नामनिर्देशन’ ही सगळी संस्कृत नावे. परंतु दरवर्षी नोव्हेंबरात पेन्शनरास आपण जिवंत असल्याचे जे प्रमाण द्यावे लागते, त्यास ‘हयातीचा दाखला’ असेच म्हणतात. ‘हयात’ हा अरबी शब्द आणि ‘दाखला’ हाही त्याच घराण्यातला. वजीफायाबाच्या काळची भाषा मराठी पेन्शनराच्या आयुष्यात वर्षातून एकदा आपली हजेरी लावून जाते.

५. अंशदान आणि जोखमीचे स्थलांतर

१ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर राज्य शासनाच्या सेवेत आलेल्यांसाठी ‘परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना’ लागू झाली. पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत विलीन करण्यात आली. सेवकाने मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या दहा टक्के रक्कम द्यावयाची. शासनानेही प्रारंभी तितकीच द्यावयाची होती, १ एप्रिल २०१९ पासून शासनाचा वाटा चौदा टक्के झाला. साचलेली रक्कम बाजारात गुंतविली जाते, आणि निवृत्तीच्या वेळी तिच्या किमान चाळीस टक्क्यांतून ‘वार्षिकी’ विकत घ्यावी लागते.

या नावाचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. ‘परिभाषित’ हे विशेषण ‘अंशदाना’स लागले आहे, ‘निवृत्तिवेतना’स नव्हे. किती भरावयाचे हे ठरलेले आहे. किती मिळावयाचे हे ठरलेले नाही. जुन्या नियमांत नेमके याच्या उलट होते. म्हणजे नियमाने जोखीम शासनाकडून सेवकाकडे सरकविली, आणि शब्दरचनेने ते प्रांजळपणे नोंदविले. ‘वार्षिकी’ या शब्दात तर जुने ‘वर्षासन’ नव्या वेषात परतले आहे. वर्षासन धन्याने नेमून दिलेले असे, वार्षिकी आपल्या पैशाने खरेदी करावयाची असते, हा फरक.

‘निवृत्तिवेतन’ या शब्दाने जी प्रतिज्ञा केली होती, तिचा आधार घेऊनच सेवकांनी या बदलास विरोध केला. १४ ते २० मार्च २०२३ या काळात राज्यभर संप झाला. त्याची घोषणा ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही होती. घोषणेत ‘निवृत्तिवेतन’ आले नाही, ‘पेन्शन’ आले. याचे कारण केवळ यमक नव्हे. अधिकृत योजनेच्या नावात ‘निवृत्तिवेतन’ हा शब्द कायम ठेवूनच आशय बदलला होता, त्यामुळे जुना आशय व्यक्त करण्यास लोकांस बोलीतला शब्दच शिल्लक राहिला. ‘जुनी’ हे विशेषण एरवी कमीपणाचे. येथे ते विश्वासाचे वाचक झाले.

सेवाप्रवेशाच्या तारखेचा प्रश्नही पुढे आला. ज्या पदांची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती, त्यांवर नंतर नियुक्त झालेल्यांस जुन्या योजनेचा विकल्प शासनाने २०२४ मध्ये दिला. मार्च २०२४ मध्ये अंतिम वेतनाच्या पन्नास टक्क्यांइतके निवृत्तिवेतन व त्यावर महागाई वाढ देणारी सुधारित योजना राज्याने जाहीर केली. केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजना १ एप्रिल २०२५ पासून अमलात आली. या दोन योजनांत अंशदान कायम आहे, पण मिळावयाची रक्कम पुन्हा वेतनाशी बांधण्याकडे कल दिसतो. एका तारखेने माणसे विभागली जातात, आणि ती तारीख सिद्ध करणारा कागद निर्णायक ठरतो. फसली सालाच्या काळी जे घडले, त्याचेच हे नवे रूप होय.

६. समारोप

वरील विवेचनातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, देणगी, वेतन व अंशदान या कल्पना एकमेकींच्या जागी न येता एकमेकींवर थरांसारख्या साचत गेल्या. सद्वर्तनाची अट, ‘उपदान’ हा शब्द आणि ‘वार्षिकी’ ही खरेदी हे त्या थरांचे पुरावे आहेत. दुसरा, राजवट बदलताना हक्क टिकले ते नोंदी टिकल्या म्हणून. सेवापुस्तकातील जन्मतारीख, सेवेतील खंडांची पडताळणी आणि नामनिर्देशन यांकडे सेवेच्या पहिल्या वर्षापासून लक्ष देणे हे निवृत्तीच्या नियोजनाचे अर्धे काम आहे, असे हा जिल्ह्याचा इतिहास सांगतो.

या इतिहासाच्या कडेला एक चौथा शब्द उभा आहे : ‘मानधन’. गावचा कोतवाल, अंगणवाडीची सेविका व मदतनीस यांस जे मिळते त्यास वेतन न म्हणता मानधन म्हणतात. शब्दात मान आहे, धनही आहे. परंतु वेतन नसल्यामुळे त्याच्यामागून येणारे निवृत्तिवेतनही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी अंगणवाडी सेविका व मदतनीस यांस ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होत असल्याचा निर्णय दिला, तो या दृष्टीने महत्त्वाचा. वतनाच्या काळात गावकामगारास म्हातारपणी निदान घरचा वारसा तरी होता. त्याच्या आजच्या उत्तराधिकाऱ्यास वारसाही नाही आणि वेतनही नाही. शासनाच्या परिभाषेत कोणत्या कामास ‘वेतन’ म्हणावयाचे हा निवाडा कोशकाराच्या मेजावर होत नाही. तो झाला म्हणजे मात्र परभणीच्या कोषागारात नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला देण्यास कोण येणार आणि कोण येणार नाही, हे त्यावरच ठरते.